आडवा दात

कवळीवाल्यांचं अख्खं आयुष्य लोकांच्या तोंडात गेलं, हे तेच सांगायचे. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्यांनी कितीतरी बोळक्यांना दात दिले. फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत. नुसता जबडा हातात घेऊन ते सांगायचे, हा माणूस डावीकडनं चावतो, ही बाई झोपेत दात खाते.

आणि घरात? दिव्याखाली अंधार. बायको सकाळी चूळ भरायची तेव्हा बेसिनमध्ये लाल दिसायचं.

"ब्रश लागला असेल," ती म्हणायची.

"मग तिथे नको घासूस दोन दिवस," हे म्हणायचे.

घ्या. जन्मभर दातांत काम केलेल्या माणसानं द्यावा असा हा सल्ला. अहो, हिरडीच्या कडेला घाण साचते म्हणून तर रक्त येतं. तिथेच ब्रश फिरवायचा सोडला की कीटण आणखी बसतं आणि हिरडी हळूहळू दाताला सोडते. पण दुखत नव्हतं ना, मग लक्ष कोण देतो. दोन दिवसांची वर्षं झाली. दात हलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "वरचे गेले. खालचे अजून वाचतील, हिरड्या साफ करून घेतल्या आणि रोज नीट घासलं तर."

वरचे काढले. कवळी अर्थात ह्यांनीच केली, जीव ओतून, अगदी मोत्यासारखी. शेजारणी म्हणाल्या, वय कमी झालं गं तुझं. ती मात्र तोंडावर हात धरूनच बोलायची, आणि हसणं तर बंदच झालं. पूर्वी ती हसली की खाली जिन्यात ऐकू यायचं. आता घर खायला उठायचं. कवळीवाल्यांना दुसरं काही नको होतं, तेवढं हसू परत हवं होतं.

"कुठे टोचतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. छान आहेत. पण माझे नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळीच्या टोकाचा, धुळीनं माखलेला एक जबडा खाली काढला. नवीन लग्न झालं होतं तेव्हाचा. हे काम शिकत होते आणि साचा घ्यायला कोणी तोंड देईना, तेव्हा हिनं आ केला होता. तोंडात भरलेलं साच्याचं मिश्रण घट्ट होईपर्यंत बोलायची सोय नाही. संसारात ती गप्प बसली ती तेवढीच. साचा निघाल्यावर अशी हसत सुटली की ह्यांनाही आवरेना. त्या जबड्यात वरचा, पुढचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलेला होता, आणि हिरड्या कशा घट्ट, भरलेल्या. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत गेलं, या विचारानं त्यांना रडू आलं.

मग त्यांनी नवी कवळी केली, तो दात तसाच आडवा बसवून.

तिनं ती घातली. सवयीनं जीभ त्या दातावर गेली आणि तिथेच थांबली.

"मेला, हा अजून आहे होय," ती म्हणाली आणि हसली. तोंडावर हात न धरता, जिन्यात ऐकू जाईल अशी हसली.

कवळीवाले बॅटरी घेऊन तिच्यासमोर बसले. "आ कर. खालच्या हिरड्या बघू दे."

"आत्ता बघताय होय?" हसता हसताच ती म्हणाली.

त्यांनी बॅटरी लावली. तिनं आ केला.