बाजूनं खणलं

मी निघालो तेव्हा धाकट्या भावानं, दत्तूनं, एसटी सुटेपर्यंत खिडकीचा गज सोडला नाही. वहिनीला जाऊन वर्ष नाही झालं आणि दादा, तू लेकीकडं अमेरिकेला चाललास, म्हणाला. गावातल्या विहिरी माझ्या हातच्या, आणि त्यातल्या एकीत दरड कोसळून माझी बायको गेली. तिथलं पाणी घशाखाली उतरायचं कसं?

दत्तू, तुझ्यासाठी लिहितोय, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांसाठी.

साल चौऱ्याऐंशी. माझी लेक सुमन कॅलिफोर्नियाच्या डोंगरात बर्फ मोजायची. रिसर्च. ॲल्युमिनियमची लांब नळी बर्फात खुपसायची, बुडाला माती लागली की वर ओढून आतल्या बर्फाचं वजन करायचं. त्यावरून उन्हाळ्यात खाली पाणी किती येणार ते कळतं. पाण्याचा अंदाज हा आपलाही धंदा, म्हणून मागं लागून मीही जायचो. बर्फ दोन माणसं बुडतील एवढा.

त्या दिवशी ती एका मोठ्या झाडाजवळून वळली आणि दिसेनाशी झाली. ओरडलीसुद्धा नाही. फांद्यांखाली बर्फ पोकळ असतो, त्यात ती उलटी, डोकं खाली अशी गेली. वर नुसते बूट. तिच्याबरोबर काम करणारा जिम, धिप्पाड गडी, वरून फावडं मारायला लागला. मी त्याला कॉलर धरून मागं ओढलं आणि बाजूनं खणायला घेतलं. वरून खणलं की सुटं झालेलं खाली जातं, थेट तोंडावर.

दरड कोसळली तेव्हा तुझ्या वहिनीला मी वरून खणत होतो. जन्मभर विहिरी खणलेला माणूस, आणि घाबरून वरून खणलं. तूही होतास. मला कुणी मागं ओढलं नाही.

सुमन निघाली. ओठ निळे, नाकातोंडात बर्फ. ट्रकात हीटर लावला. जिम ड्राइव्ह करत होता, त्याला मराठी कळत नव्हतं. हिचे दात वाजत होते, तरी विचारलं,

“बाबा, बाजूनं खणलं असतं तर आई अशी निघाली असती?”

गावात सगळे नशीब म्हणायचे. मीही म्हणायचो.

“निघाली असती.”

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी बॅग भरून ठेवली. आता ही परत पाठवणार, धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी डोंगरावर निघताना तिनं फावडं माझ्या हातात दिलं. हे तुमच्याकडंच राहू दे, म्हणाली.

तू पत्रात परत ये म्हणतोस. तिथं मला कुणी दोष देत नाही, म्हणूनच तिथं राहवत नाही. इथं एकीला खरं ठाऊक आहे, आणि तरी ती मला बरोबर नेते. घर म्हणजे मला आता एवढंच कळतं.