शेवटच्या पानावरचं नाव

“माय गयी ना तुन्ही? मंग लिख ना. आते ताजं शे.”

आमच्या संस्थेचे अध्यक्ष मला हे म्हणाले. केबिनमध्ये, बशीत चहा ओतता ओतता. आईला जाऊन अठरा दिवस झाले होते. त्यांना आदिवासी दिनाचं भाषण हवं होतं. मी म्हटलं होतं, यंदा नको, मन लागत नाही. त्यावर हे उत्तर, आता ताजं आहे म्हणून. शेजारी प्राचार्य होते. त्यांनी बिस्कीट उचललं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. अकरा वर्षं. अध्यक्षांची भाषणं मी लिहिते. सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. साहेब उभे राहिले की माणूस जागचा हलत नाही, असं तालुक्यात म्हणतात.

ते कसब आईचं. आमच्या सातपुड्यातल्या पाड्यावर गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यातल्या एकानं दर ओळीला ‘हूं’ म्हणायचं, असा रिवाज. आईच्या गोष्टीला हूं माझा. हूं उशिरा आला तर ती तीच ओळ वेगळ्या तऱ्हेनं सांगायची. आलाच नाही तर गोष्ट बंद. ऐकणारा निघून गेला, आता कुणाला सांगू, म्हणायची. तिला अक्षर येत नव्हतं. मी भाषण लिहिते ते याच हिशेबानं. ओळ लिहायची, थांबायचं, हूं येतो का बघायचं. आला की समासात टिंब. टिंब म्हणजे थांबा, एवढंच मी अध्यक्षांना सांगितलं होतं. ते दर टिंबाला पाणी पितात.

या वेळी हूं येईना. मी उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत बसायची. पुस्तकांवरची धूळ पुसायची. पुसलेलीच पुन्हा पुसायची. शेवटी लिहिलं. एक आई. बारडोलीकडे ऊस तोडायला जाणारी. पोरीला आश्रमशाळेत सोडून माघारी न बघता निघालेली, कारण बघितलं असतं तर घेऊन गेली असती. चार पानं झाली. चौथ्यावर तिचं नाव.

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी काही मागितलं.

“साहेब, नाव तेवढं वाचा.”

“वाचसू ना वं.”

कार्यक्रमाच्या दिवशी मंचावर हार, धनुष्यबाण, पाहुण्यांना फेटे. मी मंचामागे, जमिनीवर, भाषणाची दुसरी प्रत घेऊन. साहेबांची पानं उलटसुलट होतात म्हणून.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. टिंब आलं, पाणी प्याले. दुसरं टिंब. आमच्या धडगावकडच्या पोरी मागच्या बाकांवर होत्या, त्या पुढे वाकल्या. तिसऱ्या पानाच्या शेवटी, माघारी न बघता निघालेल्या आईपाशी, साहेबांनी ग्लास खाली ठेवला. कागदही ठेवला.

“मित्रहो, ही बाई आमच्याच मळ्यात मजुरीला होती. अडाणी. पण तिच्या पोरीला मी शिकवलं, नोकरी दिली. ये वं पोरी पुढे. दखाड तोंड सगळ्यांना.”

मी बेचाळीस वर्षांची आहे. केस निम्मे पांढरे. मी पुढे गेले. टाळ्या. बराच वेळ टाळ्या. माझे हात आपोआप जोडले गेले, हे मला सर्वांत जास्त लागलं.

“बस आते,” ते माईक बाजूला करून म्हणाले.

मी बसले नाही. चौथं पान माझ्या हातात होतं. माईक त्यांच्याकडेच राहिला. मी साहेबांच्या नाही, आमच्या बोलीत बोलले, पाड्यावर बोलतात तेवढ्या आवाजात. ही माझी आई आहे. यांच्या मळ्यात तिनं कधी पाऊल ठेवलं नाही. माझी फी तिच्या कोयत्यानं भरली. हे भाषण मी लिहिलंय. याआधीचीही मीच.

मग मी तिचं नाव घेतलं.

मंचावरच्यांना काही कळलं नाही. मागच्या बाकांवर कळलं. तिकडून एक ‘हूं’ आला. कोणाचा, दिसलं नाही. मग आणखी दोन-तीन. प्राचार्यांनी घाईघाईनं राष्ट्रगीत लावायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस. शिस्तभंग. सात दिवसांत खुलासा. संध्याकाळी साहेबांचा फोन. “माफी लिख. दोन ओळी. तुले लिखता येस ना?”

येतं.

आज सहावा दिवस. नोकरी राहील की नाही, माहीत नाही. सावकाश लिहिते आहे. खुलाशात माफी नाही. यापुढे माझी एकही ओळ दुसऱ्याच्या तोंडी जाणार नाही, हे लिहिलं आहे. पुढच्या सभेत मी बोलणार आहे, मंच मिळाला तर मंचावर, नाही तर फाटकाबाहेर, हेही. आणि पहिली ओळ, साहेबांना वाचावीच लागेल अशा मोठ्या अक्षरात:

माझ्या आईचं नाव जमनीबाई.