खाचेतलं कुंकू

खंडेनवमी आली की एक प्रकरण मला हमखास आठवतं. नावं सांगणार नाही. त्यातले सगळे हयात आहेत आणि पुण्यातच राहतात.

मी तेव्हा गुन्हे शाखेत सहायक निरीक्षक होतो. दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता. कसबा पेठेत तांब्या-पितळेची भांडी घडवणारा एक कारागीर पिस्तुलं तयार करतो, अशी खबर आली. खबरे वाढवून सांगतात हे आम्ही धरूनच चालतो, पण अशी खबर सोडता येत नाही. दोन पंच बरोबर घेतले, गाडी मोठ्या रस्त्यावर ठेवली आणि बोळातून चालत गेलो.

पिस्तुलांचा कारखाना वगैरे काही नव्हता. एका फडक्यावर जुनं रिव्हॉल्व्हर ठेवलेलं होतं, शेजारी बारीक छिन्नी आणि हातोडी. पन्नाशीचा कारागीर आम्हाला पाहून उठून उभा राहिला, पळाला नाही.

शस्त्र रिकामं असल्याची आधी खात्री केली. मग प्रशिक्षणात आमच्या उस्तादांनी लावलेल्या सवयीप्रमाणे घोडा मागे ओढून गोळ्यांचं चक्र, म्हणजे सिलिंडर, दोन बोटांनी हलवून पाहिलं. घोडा चढला की खालून एक खटका वर येतो, सिलिंडरच्या खाचेत बसतो आणि त्याला घट्ट धरतो. इथे सिलिंडर खुळखुळ्यासारखं हलत होतं. असं शस्त्र झाडलं तर गोळी नळीच्या मागच्या तोंडाशी सरळ येत नाही, तिची कड कापली जाते आणि शिशाचे तुकडे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला लागतात. खाचांमध्ये मळ दिसत होता, वरून लालसर. पंचनाम्यात तो तसाच नोंदवला आणि रिव्हॉल्व्हर सीलबंद केलं.

चौकशीत कारागिराने लगेच सांगितलं की पेठेतल्याच एका निवृत्त अधिकाऱ्यांनी ते दुरुस्तीला दिलं होतं. “त्यांच्या घरचा बंब माझ्या आजोबांनी केलाय, साहेब. नाही कसं म्हणणार?” सिलिंडर हलतं म्हणजे खाचा झिजल्या, असा त्याचा समज. खाचांच्या कडा ठोकून आवळायच्या, असं त्याने ठरवलं होतं. त्याच्या धंद्यात सैल झालेली वस्तू ठोकूनच बसवतात.

शस्त्र त्या अधिकाऱ्यांच्याच नावावर होतं. त्यांना बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. ते म्हणाले, गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, त्याच गर्दीत ते चोरीला गेलं असणार. कारागीर त्या दिवसांत समया द्यायला आला होता, हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

तक्रार का दिली नाही, असं मी विचारलं.

“गणपतीनंतर ते कपाट मी उघडलेलंच नाही. रोज सकाळी रिव्हॉल्व्हरचं दर्शन घेण्याची पद्धत नाही आमच्याकडे,” ते म्हणाले. “आपण चोर पकडलात, अभिनंदन. वस्तू कधी मिळेल तेवढं सांगा.”

आता कारागिरावर दोन गोष्टी येत होत्या, चोरी आणि बेकायदा शस्त्र बाळगणं. त्याची मुलगी कॉलेजात होती, घरातली पहिलीच. ती दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसून होती. तो खरं बोलतोय असं मला वाटत होतं, पण वाटण्यावर आरोपपत्र होत नाही.

न्यायालयाची परवानगी घेऊन रिव्हॉल्व्हर मुख्यालयातल्या आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे नेलं. पंचांसमोर त्यांनी खाचांमधला आणि खटक्याच्या फटीतला मळ टोकदार काडीने कागदावर काढला. खाली वर्षानुवर्षांचं तेल आटून दगडासारखं झालेलं, वर मऊ लाल थर. त्या थरात झेंडूच्या पाकळीचा एक धागा होता, अजून नारिंगी.

मी तालुक्याच्या गावातला. आमच्या घरी खंडेनवमीला कोयता, विळा, पहार पाटावर मांडत. मी पदवीधर झालो त्या वर्षी वडिलांनी माझं प्रमाणपत्रही त्या रांगेत ठेवलं आणि त्याला ओल्या कुंकवाचं बोट लावलं. तो डाग कागदावर आजही आहे. नोकरीच्या वेळी कारकुनाने त्याबद्दल विचारलंही होतं. त्यामुळे हा लाल थर कशाचा, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. आणि गणपतीत चोरीला गेलेल्या शस्त्रावर दसऱ्याचा ताजा झेंडू येत नाही; चोराने चोरीचा माल पाटावर मांडून पुजला असेल, तरच.

आम्ही अधिकाऱ्यांच्या घरी गेलो. दारातच उभे ठेवून त्यांनी काय काम म्हणून विचारलं. मी विचारलं, यंदा शस्त्रपूजा केलीत का?

ते उत्तर जुळवत होते तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “केली की. झेंडू मीच निवडून दिला. कुंकू मात्र हेच लावणार, त्या वस्तूला मला हात लावू देत नाहीत.”

ते दारातून बाजूला झाले. मग ते म्हणाले, “बसा.”

शस्त्र त्यांच्या वडिलांचं होतं. परवान्याच्या नूतनीकरणासाठी ते ठाण्यात दाखवायचं होतं. हलतं सिलिंडर पाहून कोणी ते निकामी ठरवेल, ही भीती. परवानाधारक दुरुस्ती करणाराही तेच म्हणेल, म्हणून ओळखीच्या माणसाकडे दिलं. धाड पडल्यावर परवाना जाईल या भीतीने चोरीची गोष्ट रचली. पुढे परवाना गेलाच, गुन्हाही दाखल झाला. कारागिरावरचा चोरीचा आरोप निघाला. विनापरवाना शस्त्र जवळ घेतल्याची केस राहिली, तीत न्यायालयाने त्याला समज देऊन सोडलं.

मळ निघाल्यावर खटका पूर्ण वर येऊ लागला होता. सिलिंडर हललंच नाही. खाचा झिजलेल्या नव्हत्याच. जामिनाच्या दिवशी हे मी कारागिराला सांगितलं. तो मुलीशेजारी बाकावर बसला आणि म्हणाला, “म्हणजे नुसतं पुसायचं होतं?”

आधी साफ करा, मग झीज मोजा, असं आमचे उस्ताद शस्त्रांबद्दल सांगत. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं की जे शस्त्र ते गृहस्थ बायकोलाही हाताळू देत नव्हते, ते त्यांनी स्वतः कधी पुसलंच नव्हतं. दरवर्षी पूजा मात्र चुकली नव्हती. आणि ते वाचवायला त्यांनी तीन पिढ्यांच्या ओळखीचा माणूस पुढे केला.

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात होतो, तिथल्या शस्त्रपूजेत कुंकू मी चौरंगावरच्या कापडाला लावायला सांगितलं. शस्त्रं आदल्या दिवशी पुसून ठेवायची. एक जुना हवालदार म्हणाला, “साहेबांचा नमस्कार लांबूनच असतो.” मी त्याच्या हातात फडकं दिलं.