नाल्याच्या तोंडावरची जाळी

दिनांक १३ एप्रिल १९६६ रोजी, जानेफळजवळच्या आमच्या तलावावरील कडूबा भोई यांचा मासेमारीचा परवाना रद्द झाला. कारण नोंदले आहे: 'बेसुमार मासेमारीमुळे रोहू नष्ट.' ही नोंद खोटी आहे, हे मी येथे लेखी नमूद करतो.

कडूबांचे वय साठ. शाळेची पायरी ते चढले नाहीत, त्यामुळे मासे कोठे असतात हे त्यांना ठाऊक आहे. थंडीत रोहू तलावाच्या बांधाच्या भिंतीलगतच्या खोल पाण्यात राहतो, उन्हाळ्यात नदीच्या बुडालेल्या जुन्या पात्रात उतरतो, आणि पुराचे गढूळ पाणी आले की तलावात येणाऱ्या नाल्याने वर चढून अंडी घालतो. ते तीन आठवडे कडूबांचे जाळे खुंटीवर असते. त्यांच्या पत्नी तानाबाई नाल्याला हळदकुंकू वाहतात. पोटुशी मासोळीला भोई हात लावत नाही.

१९६३ साली मत्स्यखात्याचे एक विद्वान अधिकारी आले. नाल्यावाटे मासे पळून जातात, असा शोध त्यांनी खुर्चीत बसूनच लावला आणि नाल्याच्या तोंडावर तारेची जाळी ठोकण्याचा ठराव गावसभेत मांडला.

"सायेब, मासी पयत नाई," कडूबा म्हणाले. "बायंतपनाले माहेरी जाऊन राह्यली. वापस येते."

"परिपत्रकात माशांना माहेर नाही."

"मंग परिपत्रकाले माय नसन."

लोक हसले. अधिकारी हसले नाहीत. ठराव मंजूर झाला; मुख्याध्यापक या नात्याने त्याचा शुद्ध मसुदा मीच लिहिला.

त्या पुरात रोहू जाळीवर डोकी आपटीत दाटले. साहेबांनी शेजारी उभे राहून छायाचित्र काढविले व खाली लिहविले, 'योजनेचे यश'. गावाने पाट्या भरभरून मासे नेले. माझ्याही घरी दोन आले. कडूबांनी एकही उचलला नाही. असे तीन पावसाळे गेले. अंडी पडली नाहीत, पिल्लू दिसले नाही, आणि जुने मासे पाट्यांतून संपले. आमच्या तलावाचे रोहू आता फक्त कचेरीतल्या त्या छायाचित्रात आहेत.

परवाना गेल्याचा कागद कडूबांना मीच वाचून दाखविला. तो घडी करीत ते म्हणाले, "गुरुजी, तुमचं अक्षर लय सुंदर हाय. आता जाळी काढाचंबी लिहा."

लिहिले आहे. मृग लागण्यापूर्वी जाळी काढावी व कडूबांचा परवाना परत द्यावा, असा अर्ज शाळेत माझ्या टेबलावर ठेवला आहे. येऊन सही करा. ज्यांनी जाळीपाशी पाटी भरली, त्यांनी आधी यावे. पहिली सही माझी आहे.