रेणुकाचं वजन आणि अण्णासाहेबांचं दूध

“तीनशे ग्रॅम जास्त,” काट्याजवळच्या पंचबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या मुलीला हाक मारली.

रेणुका काट्यावरून उतरली आणि माझ्याकडं बघत राहिली. दोघींच्या मनात एकच गोष्ट होती. दूध.

आधी थोडं समजावून सांगते. मी नाशिकच्या एका कॉलेजात क्रीडा संचालक आहे. पदाचं नाव भारदस्त आहे, पण स्टाफरूममध्ये मला ‘पीटीच्या मॅडम’ म्हणतात. कुस्ती वजनगटात खेळली जाते. रेणुकाचा गट त्रेपन्न किलोचा. स्पर्धेच्या दिवशी सकाळी वजन होतं. त्यासाठी अर्धा तास असतो, आणि तेवढ्यात काटा जागेवर आला नाही तर मुलगी बाद. म्हणून पैलवान आधीचे काही दिवस जेवण कमी करतात, शेवटी पाणीसुद्धा घोट घोट पितात. याला आमच्यात वजन तोडणं म्हणतात. ते काम कुस्तीपेक्षा अवघड आहे.

ही आंतरविभागीय स्पर्धा होती. प्रत्येक गटात पहिली येणारी मुलगी विद्यापीठाच्या संघातून अखिल भारतीय स्पर्धेला जाते. दुसरी येणारी घरी जाते. रेणुकाचे वडील इगतपुरीला रेल्वेत ट्रॅकमन आहेत. भर पावसात घाटातले रूळ तपासत चालायचं, हे त्यांचं काम. रेणुकालाही रेल्वेतच जायचं होतं, पण खेळाडूंच्या कोट्यातून. त्यासाठी अखिल भारतीयचं पदक लागतं, आणि पदकासाठी आधी तिथं पोचावं लागतं. ती शेवटच्या वर्षाला होती.

आता दूध. आदल्या दिवशी दुपारी प्राचार्यांचा फोन आला.

“मॅडम, टीमला घेऊन हॉलमध्ये या. अण्णासाहेबांनी शुभेच्छा समारंभ ठेवलाय.”

अण्णासाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष. लहानपणी गावच्या जत्रेत त्यांनी एक नारळाची कुस्ती केली होती. नारळ मिळाला का, हे ते सांगत नाहीत. पण तेव्हापासून ते स्वतःला वस्ताद समजतात.

“सर, उद्या वजन आहे. मुलींनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही,” मी म्हणाले.

“मग तर बरंच झालं. भूक लागली असेल.”

हॉलमध्ये स्टेजवर टेबल होतं. त्यावर स्टीलचे मोठे ग्लास मांडलेले. आत बदाम, केशर आणि साय घातलेलं दूध. पैलवान म्हणजे दूध, एवढंच अण्णासाहेबांना कुस्तीतलं माहीत. त्यांनी माइक हातात घेतला आणि ‘आमच्या वेळचा खुराक’ या विषयावर ते बोलत राहिले. मग एकेका मुलीला पुढं बोलावून स्वतःच्या हातानं ग्लास दिला. फोटोग्राफरनं सांगितलं, “ताई, पिताना इकडं बघा.”

मी पुढं जाऊन हळूच म्हणाले, “साहेब, ग्लास नुसता हातात घेऊन फोटो काढू. उद्या वजन झालं की पितील.”

“मॅडम, तुम्ही शिकलेली माणसं घाबरट,” अण्णासाहेब माइकवरच म्हणाले. “पैलवान कधी दुधानं बिघडलाय का?” हॉल हसला. मागून प्राचार्यांनी मला पदर धरून मागं ओढायचं तेवढं बाकी ठेवलं. “मान राखा, मॅडम. ग्रँटचा विषय चालू आहे.”

रेणुका दूध प्यायली. अध्यक्षांनी स्वतः दिलेला ग्लास परत ठेवायचा, हे तिच्या घरात कुणी शिकवलं नव्हतं. मग विश्वस्तांनी पेढे भरवले. सगळ्यांनी भरवले, कारण सगळ्यांना फोटो हवा होता. खाली उतरल्यावर ती मला म्हणाली, “मॅडम, आता रात्रभर पळू का?” मी तिला झोपायला पाठवलं.

तर सकाळी तीनशे ग्रॅम. तिला मी दोन स्वेटर आणि माझा रेनकोट घातला. कॉलेजच्या गाडीत बसवून काचा बंद केल्या, हीटर लावला. मग बाहेर काढून दोरीच्या उड्या, पुन्हा गाडीत. थुंकीनंही काटा उतरतो, म्हणून ती बाटलीत थुंकत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“रेणू, सोडून देऊ या का?” मी विचारलं.

“नाय मॅडम. बा म्हनला, यंदा जाशीलच.”

वेळ संपायच्या अगदी आत काटा जागेवर आला. पंचबाईंनी मान डोलावली. रेणुका तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. मी तिला मीठ-साखरेचं पाणी दिलं. पण वाळलेलं अंग असं तासाभरात भरून येत नाही. हे कुठल्याही खेळाडूला विचारा. वस्तादांना विचारू नका.

आता त्याच दिवसाची दुसरी गंमत. आमच्या संघात तन्वी नावाची मुलगी होती. अण्णासाहेबांची पुतणी. ती जिमला जायची, कुस्ती तिनं त्याच वर्षी सुरू केली होती, कारण घरच्यांना स्पर्धेचं सर्टिफिकेट हवं होतं. तिचा वजनगट वरचा होता आणि त्यात दोनच नावं होती. दुसरी मुलगी चांगली होती, तन्वीला तिनं खेळता खेळता पाडलं असतं. पण तिची गाडी आमच्या नाशिकच्या द्वारका चौकातल्या जाममध्ये अडकली. ती धावत आली तेव्हा वजन बंद झालं होतं. तिच्या सरांनी हातापाया पडून पाहिलं, नियम तो नियम. पंचांनी तन्वीला मॅटवर बोलावून तिचा हात वर केला. तिला सुवर्णपदक मिळालं आणि ती अखिल भारतीयसाठी पात्र झाली. तिचे बूटसुद्धा नवे कोरेच राहिले.

रेणुकानं पहिल्या दोन कुस्त्या जिंकल्या. फायनलला समोर जी मुलगी होती, तिला तिनं आधीच्या वर्षी चीत केलं होतं. कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत रेणुकानं दोनदा पट काढला, म्हणजे समोरचीचा पाय धरून तिला खाली आणलं. चार-शून्य. मी उभी राहिले.

दुसऱ्या फेरीत तिच्या पोटरीत गोळा आला. अंगात पाणी नसलं की येतो. तिनं पाय झटकला, परत उभी राहिली, परत गोळा आला. समोरच्या मुलीला ते दिसलं. तिनं त्याच पायाला धरलं, उलटवलं आणि दोन्ही खांदे मॅटला लावले. चीत झालं की आधीचे गुण मोजत नाहीत. मला इतका राग आला, की हातातली पाण्याची बाटली मी चेपून टाकली.

प्राचार्य धावत आले. “अभिनंदन मॅडम! एक गोल्ड, एक सिल्व्हर!”

“सर, ते सिल्व्हर दुधाचं आहे.”

“असं काही रिपोर्टमध्ये लिहू नका हं,” ते म्हणाले. “दुधानं कोणी हरतं का?”

दोन दिवसांत द्वारकेला फ्लेक्स लागला. वर अण्णासाहेब, खाली विश्वस्त, मध्ये तन्वी, ‘सुवर्णकन्या’. रेणुका कोपऱ्यात होती, अर्धी प्रायोजकाच्या जाहिरातीमागं. ज्या चौकानं आम्हाला पदक दिलं, त्याच चौकात फ्लेक्स, एवढा न्याय मात्र झाला. तन्वी स्वतः माझ्याकडं आली. “मॅडम, मी खरंच जायचं का? मला अजून पट काढता येत नाही.” सगळ्या संस्थेत कुस्ती कळणारी तेवढी एकच निघाली. घरच्यांनी तिला पाठवलंच. पहिल्याच कुस्तीत ती पहिल्या मिनिटात हरून आली.

मग अर्थातच सत्कार. तोच हॉल, तेच स्टीलचे ग्लास. अण्णासाहेबांनी रेणुकाला पुढं बोलावलं. “पोरी, थोडक्यात गेलं. खुराक वाढव.” आणि ग्लास पुढं केला.

तिनं ग्लास घेतला. सगळा संपवला, सायीसकट. ओठ पुसले आणि माइकसमोरच म्हणाली, “आज पिले साहेब. आज काट्यावर उभं ऱ्हायाचं नाय.”

प्राचार्य बुटांकडं बघू लागले. अण्णासाहेबांना मात्र ते समजलंच नाही. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनीही वाजवल्या.

रेणुकानं एम.ए.ला प्रवेश घेतला, म्हणजे अजून एक संधी आहे. प्रवेश घेतला तो दुसऱ्या कॉलेजात. दाखला न्यायला आली तेव्हा म्हणाली, “मॅडम, राग नाय ना आला?” मी तिला विचारलं, तिथले अध्यक्ष कसे आहेत. म्हणाली, “लय आजारी असतात. कुटं येत नायत.”

मी म्हटलं, जा. चांगलं कॉलेज आहे.