उलट्या तुरपाईचं ब्लाऊज

आधीच सांगते, मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. तुम्ही म्हणाल, सगळेच अशी सुरुवात करतात. करत असतील. पण माझ्या सासऱ्यांनी धम्म घेतला त्या दिवशी देव्हाऱ्यातले टाक कयाधू नदीत सोडून दिले, आणि तेव्हापासून आमच्या घरात अंगात येणं, उतारा, बाहेरचं बघणं सगळं बंद. यजमान शाळामास्तर. शेजारणीला लागिर झालं की तिची सगळ्यात जास्त थट्टा मी करायची. म्हणून हे इतकी वर्षं चारचौघांत बोलले नाही... लोक हसतील, आणि त्यांना हसायला मीच शिकवलंय.

गाव आखाडा बाळापूर. तेव्हा आमचा कळमनुरी तालुका परभणी जिल्ह्यात होता. बहात्तरचा दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाली असतील. बाजाराच्या रस्त्यावर भाड्याच्या दोन खोल्या, पुढे ओसरी, आणि ओसरीत माझं शिवणाचं मशीन. मी ब्लाऊज शिवायची. खेड्यातल्या बायका अंगाला टेप लावू देत नसत, लाजायच्या. अंगाला नीट बसलेलं एखादं जुनं ब्लाऊज आणून टाकायच्या, 'बाई, अस्संच शिवा' म्हणायच्या आणि बाजाराला जायच्या. नाव-गाव मी कधी लिहून घेतलं नाही. मला चेहरे लक्षात राहतच नाहीत, मापं राहतात.

अजून एक सांगायला हवं. मी डावरी. सगळ्यांची तुरपाई एका बाजूला कलते, माझी उलट्या बाजूला. शिवणाच्या बाईंनी पट्ट्या मारून पाहिल्या, उपयोग झाला नाही. शिवाय कापड कुठल्याही रंगाचं असो, गळ्याच्या आत शेवटचा टाका मी लाल दोऱ्याचा घालते. का, ते विचारू नका, खोड आहे. पण तालुक्यात माझ्या हातचं ब्लाऊज मी डोळे मिटून ओळखलं असतं.

तर त्या वर्षी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अंघोळ करताना छातीच्या डाव्या बाजूला हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं. दुखत नव्हतं. नांदेडच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. पुन्हा बोलावलं तेव्हा ते आधी यजमानांशी बोलायला लागले. मी म्हटलं, मला सांगा.

"बाई, वेळेवर आलात," ते म्हणाले. "गाठ लहान आहे, काखेत काही लागत नाही. पण जात वाईट आहे, झपाट्यानं पसरणारी. ती बाजू पूर्ण काढावी लागेल. नंतर किरणांचा शेक घ्यायला मुंबईला जायचं. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन करतो, सोमवारपर्यंत कळवा. तीन महिन्यांनी आलात तर आज सांगतोय ते सांगता येणार नाही."

संध्याकाळच्या एसटीनं घरी परतलो.

सासूबाईंनी ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. "कापाकापी काहून करायची? डोंगरकड्याकडं एक वैदू हाय, लेप लावतो. सव्वा महिन्यात गाठ बसते म्हन्तेत. लई बायांचं बरं झालं."

यजमानांना विचारलं तर म्हणाले, "तुझं अंग हाय, तू म्हनशील तसं करू."

इतका राग आला मला! शाळेत पोरांना फळ्यावर उत्तर लिहून देणारा माणूस, आणि इथे 'तू म्हनशील तसं'! आज कळतं, तेही घाबरले होते. तेव्हा वाटलं, अंग काढून घेतायत.

माझी सख्खी मावशी असंच कापून आली आणि सहा महिन्यांत गेली. ती फार उशिरा दवाखान्यात गेली होती, हे मला नंतर समजलं. तेव्हा डोक्यात एवढंच की कापलं की बाई जाते. आणि खरं सांगू? नुसतं मरणाचंही नव्हतं. गावातल्या बायकांच्या छातीची मापं मी घ्यायची, आणि माझीच एक बाजू सपाट! पोरगी दोन वर्षांची. अंगावरचं दूध तुटलं होतं, पण झोपताना तिचा हात अजून तिथेच, डावीकडे. तो हात ती कुठे ठेवेल, या विचारानं मला जेवण जाईना.

बाजाराच्या दिवशी दुपारी मी ठरवून टाकलं. लेप. सोमवारी यजमानांनी नांदेडला जाऊन नको म्हणून सांगून यायचं.

तेवढ्यात एक बाई ओसरीत आली. साठी उलटलेली, डोक्यावर पदर, पाठीमागे उजेड. चेहरा पाहिला की नाही, मला सांगता येत नाही. माप मात्र पाहिलं. पदराखाली तिची डावी बाजू भरलेली दिसत होती, पण श्वासाबरोबर हलत नव्हती. मशीनवरचा माझा पाय थांबला.

"मापाचं आनलंय," असं म्हणून तिनं घडी मशीनवर ठेवली. "डाव्या अंगाला आतून पिशवी हाय बगा. नुसता कापूस घालू नका. हलका पडतो, खांदा वर येतो. राळ्याचे दाने घाला कापसात."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कापल्यावर... तकलीफ होते का हो?"

"पयलं वरीस व्हती. मंग सवय झाली." जराशी हसली ती. "लेकरू उजवीकडं निजायला लागलं."

मी विचारलं, कुठल्या तुम्ही? "हितलीच," म्हणाली. "बाजार करून येते." गेली. ती आली-गेली तेव्हा सासूबाई ओसरीच्या टोकाला ज्वारी निवडत बसल्या होत्या.

मी घडी उलगडली. मूळचं जांभळं कापड, धुऊन धुऊन राखाडी झालेलं. शिवणीच्या आत तेवढा रंग शिल्लक. काखेत लाल बारीक फुलांचं ठिगळ. खालचा हूक गेलेला, त्या जागी सेफ्टी पिन. मग मी गळा उलटा केला... तुरपाई उलट्या बाजूला कललेली. आणि शेवटचा टाका लाल.

असं ब्लाऊज मी आयुष्यात शिवलं नव्हतं. पण ते माझ्याच हातचं होतं, आणि कुणीतरी ते वर्षानुवर्षं वापरून झिजवलेलं होतं. एका दिवसात कापड तसं होत नाही, हे शिवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको.

दिवेलागणीपर्यंत वाट पाहिली. बाजार उठला, ती आली नाही. सासूबाईंनाच विचारलं, त्या बाईला ओळखता का?

"म्या पानी दिलं की तिला. तुझ्या म्हायेरची व्हती ना गं? मला वाटलं तुझी मावशी-बिवशी."

ब्लाऊज मी पेटीत तळाशी ठेवलं. यजमान आल्यावर म्हटलं, "सोमवारी जाऊन गुरुवारचं पक्कं करून या." ते खाटेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

ऑपरेशन झालं, मुंबईत शेक झाला. अडीच महिन्यांनी घरी आले आणि आधी पेटी उघडली. ब्लाऊज नव्हतं. पेटीची किल्ली माझ्याकडेच होती. मग आठवणीवरून शिवलं, जांभळंच कापड आणून, कापसात राळा घालून. हे मी जाणूनबुजून केलं, कबूल करते. त्यामुळे यजमान म्हणायचे, "तूच तसं शिवलं, मंग तसंच होनार की." बरोबर आहे. पण पोरगी दहा वर्षांची असताना त्यांनी हिंगोलीहून तिच्या फ्रॉकला कापड आणलं. उरलेल्या तुकड्याचं मी त्या जांभळ्या ब्लाऊजला काखेत ठिगळ लावलं आणि लावून झाल्यावर पाहिलं... लाल बारीक फुलं.

नंतर पुष्कळ ब्लाऊजं शिवली, विरली, टाकली. हे जांभळं मापाचं म्हणून राहिलं. तपासणीला नांदेडला जाताना मात्र मी हेच घालत आले. बाकीच्या बायका बाकावर बसून हात चोळायच्या आणि मी निवांत. डॉक्टरांना वाटायचं, बाई फार धीराची. धीर कसला! मी घरून निघताना खालचा हूक बघून निघायची. हूक जागेवर आहे ना, मग अजून वेळ आहे.

आता सत्तरीला आले. यजमान नाहीत, सासूबाई नाहीत, विचारायला कुणी उरलं नाही. गेल्या महिन्यात तपासणीला जाताना तो हूक तुटला. पोरगी घाईत होती. "आई, राहू दे आता," म्हणाली आणि तिनं पर्समधली सेफ्टी पिन काढून लावली.

त्या दिवशी चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी बाकावर बसून हात चोळले. रिपोर्ट चांगला आला. पण त्या बाईनं आणलेल्या ब्लाऊजवर सेफ्टी पिनेच्या पुढचं काही नव्हतं. ती बाई कोण, ते कुठून आलं, कुठे गेलं, मला आजही सांगता येत नाही. मी एवढंच केलंय, परवा नवं जांभळं कापड आणलंय. डोळ्यांना दिसत नाही, पोरगी सुई ओवून देते. तुरपाई अजून उलटीच पडते. हूक मात्र या वेळी दुहेरी दोऱ्यानं लावलेत.