धुळ्याची चिठ्ठी, साक्रीची गोळी

ऐंशीच्या दशकात साक्रीला माझा लहानसा दवाखाना होता. तिथल्या हिवाळ्यातल्या सकाळी आठवल्या की आधी धुकं दिसतं, आणि त्यातून सावकाश चालत येणारी दोन माणसं. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक नाना आणि त्यांची थोरली बहीण, अक्का.

नानांची दारू वीस वर्षांची. एकदा त्यांनी ती एकदम बंद केली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीवरून वरात जाताना दिसू लागली. हे माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. चिठ्ठी लिहून मी त्यांना धुळ्याच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. पंधरा दिवसांनी नाना परतले, खिशात उत्तर घेऊन: ‘आता अर्धं काम तुमचं. दारू सुटण्याची गोळी रोज तुमच्यासमोर घेऊ द्या. महिन्याला एकदा माझ्याकडे पाठवा.’

मग रोज सातला नाना बाकावर येऊन बसत. मी गोळी देई, अक्का पाण्याचा पेला पुढे करी.

“झोप लागनी का, नाना?” मी त्यांच्याच बोलीत विचारी.

“लागनी. सपनमा पांझरा वनी. बठ्ठं पानी निळं.”

स्वप्नात आलेली पांझरा नदी, तिचं सगळं निळं पाणी, ते इतक्या हळू सांगत की मीही अजून जागी झाले नाही, असं मला वाटे.

लग्नसराईत नाना चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी अक्कानं त्यांना धरून आणलं. चेहरा लालभडक, ओकाऱ्या, छातीत धडधड. या गोळीचा अंमल बरेच दिवस अंगात राहतो आणि त्यावर दारू घेतली की असंच होतं; नानांनी वरातीत दोन घोट घेतले होते. सलाईन लावून मी दुपारपर्यंत त्यांच्याजवळ बसले, पण मला राग आला होता.

अक्का हळूच म्हणाली, “तोच म्हने, ताईकडे ली चाल.”

नाना आपणहून माझ्याकडे आले होते, तरीही धुळ्याला मी तक्रारीच्या सुरातच लिहिलं. उत्तर आलं: ‘घसरल्यावर तो लपला नाही, तुमच्याकडे आला. हे थोडं नाही. पुन्हा सुरू करा.’ वाचून मी ओशाळले.

नानांनी वराती सोडल्या, देवळात भजनाला वाजवू लागले. दीड वर्षानं धुळ्याच्या डॉक्टरांनी गोळी थांबवली, तरी नाना सकाळी येऊन बाकावर घटकाभर बसतच राहिले. मी साक्री सोडली तोवर त्यांनी पुन्हा थेंबही घेतला नव्हता. असं अक्का सांगे, आणि अक्का खोटं बोलत नसे.